पात्र कोण, ते सांगणार कोण?

महाराष्ट्रात सरकारी योजनांची वानवा आहे, असे कुणी म्हणणार नाही. पहिलीच्या प्रवेशापासून म्हातारपणीच्या अनुदानापर्यंत आणि मुलींच्या माफ शुल्कापासून पाच लाखांच्या उपचारांपर्यंत राज्याने काही ना काही देऊ केलेले आहे. माहितीचीही टंचाई उरलेली नाही. शासन निर्णय निघाला की त्याची पीडीएफ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडते आणि दिवस मावळायच्या आत त्यावर यूट्यूबवर व्हिडिओ येतात. तरीही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीशी आणि प्रवेशाच्या हंगामात शाळेच्या फाटकापाशी लोक विचारत असतात ते तेच ते असते. हे मला मिळेल का? कागद कोणते लागतील? नाही म्हणाले तर कुणाकडे जायचे? या साध्या प्रश्नांची उत्तरे द्यायला कायद्याने बांधलेला माणूस शोधू गेले तर तो सहसा सापडत नाही. लाभ मंजूर करणारा अधिकारी आहे, अर्ज भरून घेणारा सेतूचालक आहे, उद्घाटनाला मंत्री आहेत. पण ‘तुमच्या घराला हे लागू आहे, किंवा नाही आणि का नाही’ हे आधी सांगून त्या शब्दाला बांधील राहणारे कुणी नाही. योजनांच्या गळतीची चर्चा आपण भ्रष्टाचार, निधी आणि सर्व्हर यांच्याभोवती करतो. माझ्या मते त्यातली बरीचशी गळती या उत्तर न देण्याच्या जागी होते.

अडचणीची सुरुवात ‘मी गरीब आहे का’ या प्रश्नापासूनच होते. राज्याने याची उत्तरे एकाच वेळी अनेक देऊन ठेवली आहेत. १९९९ मध्ये आलेल्या तिरंगी शिधापत्रिकांच्या पद्धतीत वार्षिक १५ हजारांपर्यंत पिवळे कार्ड, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे शुभ्र. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणून अर्ज करायचा तर एक लाखाच्या आत. लाडकी बहीण योजनेच्या मासिक दीड हजारांसाठी अडीच लाख. धर्मादाय रुग्णालयात निर्धन म्हणून मोफत उपचार हवे असतील तर एक लाख ८० हजार, दुर्बल घटक म्हणून सवलत हवी असेल तर तीन लाख ६० हजार. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीसाठी, जी २०२४-२५ पासून लागू झाली, आठ लाख. आता वर्षाला एक लाख ४० हजार मिळवणारे घर घ्या. धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी ते दुर्बल गटात बसत नाही, रेशनच्या धान्यासाठी गरीब नाही आणि नियमाप्रमाणे पाहिले तर त्याचे कार्ड शुभ्र असायला हवे. पण आईला दीड हजार मिळू शकतात, धर्मादाय रुग्णालयात हे घर थेट निर्धन ठरते आणि मोठी मुलगी अभियांत्रिकीला गेली तर तिचे शिक्षण शुल्क माफ. यातली प्रत्येक मर्यादा स्वतंत्रपणे समर्थनीय असेलही. त्या वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या तिजोरीकडे पाहून ठरवल्या. पण एवढे गुंतागुंतीचे कोष्टक करणाऱ्याने ते वाचून दाखवणारा माणूसही नेमायला हवा होता. तो नेमला नाही, म्हणून ते वाचण्याचा धंदा इतरांनी केला.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, अपंग आणि ज्यांना कुणीच नाही अशा ६५ वर्षांखालच्या लोकांसाठी तिच्याइतकी जुनी आणि आवश्यक योजना राज्यात दुसरी क्वचितच असेल. २०२३ मध्ये तिची मासिक रक्कम एक हजारावरून दीड हजार झाली. मात्र बहुतेक गटांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजारच राहिली. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीची २०२४-२५ ची मजुरी रोज २९७ रुपये होती. त्या दराने एका माणसाने ७१ दिवस काम केले की ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे घरात कुणीही हातपाय हलवत असेल तर ते घर कागदावर अपात्र. प्रत्यक्षात लाखो लोकांना हे अनुदान मिळते आणि ते मिळायलाच हवे, कारण ते खरोखर निराधार आहेत. मग मधली दरी ओलांडली कशी जाते? ‘एकवीस हजाराचा दाखला’ काढून. हा शब्दप्रयोग तालुक्याच्या गावी सगळ्यांना कळतो. दाखला मागणाऱ्या बाईला ठाऊक असते की आकडा खरा नाही, अहवाल देणाऱ्या तलाठ्याला ठाऊक असते आणि सही करणाऱ्यालाही अंदाज असतो. दया म्हणून सगळे डोळेझाक करतात. पण अशी डोळेझाक ही उपकारच असते, आणि उपकार करणारा तो कुणावर करायचा हे निवडू शकतो. तालुका समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीने आलेला अशासकीय माणूस असतो, ही गोष्ट यानंतर वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ‘मी पात्र आहे का’ या बाईच्या सरळ प्रश्नाला इथे सरळ उत्तर देताच येत नाही, कारण नियमाप्रमाणे उत्तर ‘नाही’ आहे आणि रिवाजाप्रमाणे ‘बघू’.

कागदांचा हा जाच अपरिहार्य नाही, याचा पुरावा राज्याने स्वतःच २०२४ मध्ये दिला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जूनला निघाला. त्यात अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला मागितला होता, त्यामुळे लगोलग तहसील कचेऱ्यांत आणि सेतू केंद्रांत रांगा लागल्या. ३ जुलैला सुधारित निर्णय आला. अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल. पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. वयाची मर्यादा साठवरून पासष्टवर. जे प्रमाणपत्र इतर योजनांत वर्षानुवर्षे अत्यावश्यक मानले गेले, ते एका आठवड्याच्या आत अनावश्यक ठरले. ऑगस्टच्या मध्यात दोन महिन्यांचे तीन हजार खात्यांत पडायला लागले. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती, हे कुणाला सांगायला नको. पण हेतू काहीही असो, एवढे सिद्ध झाले की अर्जदाराकडून किती पुरावे मागायचे हा निवडीचा प्रश्न आहे. निवड अर्जदाराच्या बाजूने केली की यंत्रणा कोलमडत नाही. अंगणवाडी सेविकांनी अर्जामागे ५० रुपयांच्या मानधनावर घरोघरी जाऊन हे काम उचलले, आणि कितीतरी वाड्यावस्त्यांत योजनेबद्दल विचारता येईल असा सरकारचा पहिला माणूस अंगणवाडी सेविकाच ठरली.

इथे आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दार उघडे ठेवले म्हणून नको ते आत शिरले, हेही याच योजनेने दाखवले. २०२५ च्या उन्हाळ्यानंतरच्या छाननीत सुमारे २६ लाख खाती संशयास्पद ठरवून त्यांचा लाभ थांबवावा लागला. त्यांत एकाहून अधिक योजनांचा लाभ घेणाऱ्या होत्या, एकाच घरातल्या दोनाहून जास्त स्त्रिया होत्या, आणि काही ठिकाणी चक्क पुरुष. तेव्हा कागद मागणे हेच शहाणपणाचे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो पटत नाही. सरकारी नोकरी, आयकर, दुसरे अनुदान, लिंग यांतली प्रत्येक गोष्ट सरकारच्याच कुठल्यातरी संगणकात आधीपासून नोंदलेली असते. ती तपासायचे काम सरकारचे होते, आणि ते पहिला हप्ता जाण्यापूर्वी करता आले असते. अर्जदाराने आणलेल्या झेरॉक्सने यातले काहीही पकडले गेले नसते. उलट छाननी उशिरा आणि घाईने केली की काय होते तेही त्याच वर्षी दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचे झाले. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी हवा होता. ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही, तिने ओटीपी कुणाच्या फोनवर मागवायचा? योजना ज्यांच्यासाठी सर्वाधिक मोलाची, नेमक्या त्याच बायका या रकान्यात अडकल्या. नोव्हेंबरमध्ये मुदत वाढवून, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत, असे सांगण्यात आले. हा प्रश्न रकाना तयार करताना कुणी विचारला असता तर दोन महिने वाचले असते. चुकून दिलेल्या लाभाचा हिशेब सरकार ठेवते. चुकून नाकारलेल्याचा हिशेब कुठेच लिहिला जात नाही. त्यामुळे गैरवापराचा आक्षेप नेहमी आकड्यांसह मांडला जातो आणि त्याचा प्रतिवाद नेहमी हळवा वाटतो.

आरोग्याच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे, आणि तिथेच एक चांगली गोष्ट सापडते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि पुढे केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. तिची रचना करणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसवला. दर्शनी भागातल्या त्या टेबलाशी नातेवाईक रेशनकार्ड आणि रुग्णाचे ओळखपत्र घेऊन येतो, आरोग्यमित्र ते संगणकावर तपासतो, आजार यादीत आहे का ते डॉक्टरांच्या टिपणावरून पाहतो आणि पूर्वमंजुरी मागवतो. ‘कार्ड चालतं का?’ या प्रश्नाला तिथल्या तिथे, नाव धरून उत्तर मिळण्याची सोय असलेली ही राज्यातली जवळपास एकमेव योजना. आरोग्यमित्र जागेवर नसतो, रुग्णालयाच्या मर्जीत असतो, अशा तक्रारी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या असणार. पण टेबल आहे म्हणून तर तिथे कुणी नाही अशी तक्रार करता येते. निराधार योजनेत, शिष्यवृत्तीत किंवा शाळाप्रवेशात टेबलच नाही.

तरीही याच योजनेत वरचा निर्णय आणि खालचे उत्तर यांत किती अंतर पडते ते पाहा. दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांचे करून शुभ्र कार्डासकट सगळ्यांना आत घ्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये केला. अंमल सुरू झाला जुलै २०२४ मध्ये. मधल्या वर्षभरात बातमी एक सांगत होती आणि टेबल दुसरे. अंमल झाल्यावर मात्र एक मोठा प्रश्न खरोखरच मिटला: आता उत्पन्न विचारावे लागत नाही. राहिलेले प्रश्न वैद्यकीय आहेत आणि ते जास्त अवघड आहेत. हे रुग्णालय यादीत आहे का, ही शस्त्रक्रिया आहे का, पॅकेजच्या बाहेर म्हणून काही मागितले तर द्यायचे का. शिवाय रोजचे दुखणे योजनेत येतच नाही. मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या आणि तपासण्या, म्हणजे बाह्यरुग्ण विभागातला खर्च, दाखल होईपर्यंत खिशातूनच. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला असे राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. घट मोठी आहे, पण उरलेला वाटाही काही थोडा नाही. पाच लाखांचे कार्ड खिशात असलेल्या माणसाला औषधाच्या दुकानात ते कार्ड चालत नाही, हे कुणीतरी आधी स्पष्ट सांगायला हवे. जाहिरात ते सांगत नाही.

उत्तर असूनही ते न पोचण्याचे ठळक उदाहरण धर्मादाय रुग्णालयांचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये जी योजना मान्य केली, तिच्यानुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या, बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची, आणि तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीकडे अनामत रक्कम मागितल्यावरून आणि पुढे झालेल्या तिच्या मृत्यूवरून राज्यभर संताप उसळला, तेव्हा तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेऊ नये असे आदेश सरकारने नव्याने काढले. मूळ उत्तर एकोणीस वर्षांपूर्वीच लिहिलेले होते. फक्त ते काउंटरवर उभ्या असलेल्या नातेवाइकाला माहीत नव्हते आणि काउंटरमागच्या माणसाला ते सांगण्यात काही लाभ नव्हता.

शिक्षणात उत्तर बदलत राहते, हा आणखी वेगळा त्रास. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये उचलून धरली. त्यानंतर तपभर पालकांना निदान नियम ठाऊक झाला होता. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियमच बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. पालकांनी पोर्टल उघडले तर पसंतीच्या यादीत बहुतेक जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळा. तिथे तर प्रवेश तसाही मोफत मिळतो. मे महिन्यात उच्च न्यायालयाची स्थगिती, मग नव्याने अर्ज, जुलैत बदल रद्दबातल, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर शिक्कामोर्तब. तोवर शाळा सुरू होऊन दोन महिने होत आले होते. त्यात भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, जो झोपडपट्टीतला घरमालक करून देत नाही. अर्ज भरले जातात ते साधारण जानेवारीच्या पुढे, म्हणजे बीडकडचे ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतात तेव्हा. दाखले गावी आणि आईबाप फडावर. प्रवेश मिळालाच तर कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत. नववीचे शुल्क कोण भरणार, हा प्रश्न पहिलीच्या लॉटरीच्या दिवशी कुणी विचारत नाही आणि विचारला तर त्याला उत्तरही नाही.

मग उत्तरे देते कोण? सेतूचालक देतो, पण त्याचे पोट अर्जामागे मिळणाऱ्या पैशांवर चालते, त्यामुळे ‘तुम्हाला हे मिळणार नाही, अर्ज करू नका’ असे सांगण्यात त्याचे नुकसान. कार्यकर्ता देतो, पण त्याच्या लेखी उत्तर म्हणजे मताची उचल. यूट्यूबवाला देतो, पण त्याला तुमचे रेशनकार्ड दिसत नाही. यंत्र आता हे सगळे सांगेल, पोर्टल आणि व्हॉट्सॲपवरचे बॉट आले की प्रश्न सुटेल, असा विश्वास हल्ली बोलून दाखवला जातो. यंत्राने नियम नीट समजावून सांगितला तर चांगलेच आहे. शासन निर्णय आणि त्यावरची शुद्धिपत्रके वाचण्यापेक्षा ते नक्कीच सुसह्य. पण अडचण नियम कळण्यापुरती कधीच नव्हती. दिलेले उत्तर चुकले तर त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, हा खरा मुद्दा आहे, आणि आज तो शंभर टक्के विचारणाऱ्यावर पडतो: बुडालेली मजुरी, गेलेली मुदत, पुन्हा काढलेले दाखले. भरणाऱ्याने रकाना रिकामा राहू नये म्हणून काहीही लिहावे, अशी सवयही यातूनच लागते. आयुष्मान भारतच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल नंबर, ओळीने दहा वेळा ९, असल्याचे कॅगने २०२३ च्या अहवालात दाखवले. त्या नंबरावरून ओळख पटवली जात नव्हती, असा खुलासा सरकारने केला. मग तो रकाना कशाला होता?

व्यापाऱ्याला मात्र अशी सोय दिलेली आहे. जीएसटी कायद्यात आगाऊ निर्णयाचे प्राधिकरण आहे. माझ्या मालावर किती कर लागेल, असे शुल्क भरून आधीच विचारता येते आणि मिळालेले उत्तर विचारणाऱ्याइतकेच त्याच्या कर अधिकाऱ्यालाही बांधील असते. पराठ्याला पोळीइतका कर की जास्त, हा प्रश्न २०२० मध्ये कर्नाटकातल्या प्राधिकरणापुढे गेला आणि देशभर त्यावर विनोदही झाले. पराठ्याबद्दल लेखी उत्तर देणारे राज्य विधवेच्या अनुदानाबद्दल ते का देत नाही? यावर सांगितले जाते की व्यापारी मोजके, अर्जदार कोट्यवधी. खरे आहे. पण व्यापाऱ्याचा प्रश्न वकिली गुंत्याचा असतो. अर्जदाराचा प्रश्न वय, घरातली माणसे, जात, उत्पन्न आणि पत्ता एवढ्यावर सुटतो, आणि यातले बहुतेक तपशील सरकारनेच दिलेल्या कागदांवर छापलेले असतात.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. पात्रता हीच कटकट असेल तर अटीच काढा, सर्वांना द्या, म्हणजे प्रश्न उरणारच नाहीत. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीने, जिचा कायदा १९७७ चा, मजुराकडून गरिबीचा दाखला मागितला नाही. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, एवढीच परीक्षा. फुले योजनेने उत्पन्नाची अट काढली तीही त्याच वाटेवरची. जिथे जमेल तिथे हेच करावे, असे मीही म्हणेन. पण दीड हजार रोख रक्कम किंवा खासगी शाळेतली जागा सर्वांना देता येत नाही, तिथे वगळावेच लागते. आणि ज्याला वगळायचे त्याला निदान का वगळले ते सांगावे लागते.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. त्याखाली प्रत्येक खात्याने आपल्या सेवा, त्यांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाची वाट अधिसूचित करायची असते. अर्ज नाकारला तर लेखी कारण द्यायचे असते. कसूर केली तर ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. आज त्या यादीत मुख्यतः दाखले आणि परवाने आहेत, म्हणजे प्रश्नाला लागणारा कागद मिळण्याचा हक्क आहे, प्रश्नाच्या उत्तराचा नाही. त्याच यादीत ‘पात्रतेचे लेखी उत्तर’ ही एक सेवा जोडता येईल: ठरलेल्या दिवसांत, अधिकाऱ्याच्या नावाने, आणि वर्षभर त्या खात्यावर बंधनकारक. सुरुवात निराधार अनुदानापासून करावी, असे मला वाटते. तिथे हे उत्तर लेखी द्यायची वेळ आली की पहिल्याच महिन्यात २१ हजारांची मर्यादा बदलावी लागेल, कारण नियमाप्रमाणे ‘अपात्र’ असे हजारो कागदांवर सही करून द्यायला कुठलाही तहसीलदार तयार होणार नाही, आणि ‘बघू’ हे लिहून देता येत नाही.